ग्लूटेन बंद झालंय: गिरणी, हिंग आणि प्रसादाचा शिरा

खारीबिस्किट | ९ जुलै, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आयडी वाचून हसू नका. घेतला तेव्हा चहात खारी बुडवल्याशिवाय माझी सकाळ होत नव्हती. गेल्या महिन्यात सिलिअक डिसीज असल्याचं कळलं. दोन वर्षं हिमोग्लोबिन आठ-नऊच्या वर सरकत नव्हतं, लोहाच्या गोळ्या खाऊन कंटाळले होते, पोट सदा फुगलेलं. सगळे म्हणायचे, लोकलची दगदग आणि अवेळी जेवण, दुसरं काय! शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, मग एंडोस्कोपी. आता गहू, जव, राय आयुष्यभर बंद, कारण त्यांच्यातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन मला चालत नाही. औषध नाही, पथ्य हेच औषध.

मुलुंडला राहते, ऑफिस लोअर परळला. घरात नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. तीन आठवडे भात आणि भाकरीवर काढले. पण रोज काहीतरी नवीन निघतं. कोपऱ्यावरच्या गिरणीतून ज्वारी दळून आणली तर नणंद म्हणाली, अगं त्याच जात्यावर गहू दळतात ना? काल कळलं की हिंगातसुद्धा मैदा असतो. आता फोडणी कशी करायची?

आणि खरा प्रश्न वेगळाच आहे. श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण असतो. सासूबाई मनाने चांगल्या आहेत, पण त्यांचं म्हणणं, "प्रसादाला नाही म्हणू नये. चमचाभर शिऱ्याने काय होतंय?" मला भांडायचं नाहीये. तुम्ही कसं निभावता?

गिरगावकर | ९ जुलै, रात्री १०:५८

आधी आयडी बदला. 'राजगिरा' घ्या.

(तब्येतीची काळजी घ्या. माहितीत भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही, रुमाल टाकून ठेवतो.)

निळी_छत्री | ९ जुलै, रात्री ११:३५

खारीबिस्किट, अगदी कडकडून मिठी. माझा मुलगा चार वर्षांचा असताना निदान झालं, आता तो अकराचा आहे. पहिले सहा महिने मी स्वयंपाकघरात उभी राहून रडायचे. नंतर हात बसतो, खरंच.

गिरणीबद्दल तुझी नणंद बरोबर सांगतेय. आमच्या बोरिवलीच्या गिरणीवाल्या भैयाने मला आदराने सांगितलं होतं, "भाभी, सुबह का पहला दळण आपका." मी खूश. एकदा सकाळी सातला स्वतः जाऊन उभी राहिले. त्याने आमचे तांदूळ वर ओतले, मशीन चालू केलं, आणि खालच्या तोंडाला बांधलेल्या कापडाच्या नळीला दोन चापट्या मारल्या. त्यातून जे भुरभुरलं ते आदल्या रात्रीच्या गव्हाचं! भिंतीवर, ताजव्यावर, त्याच्या भुवयांवरही पीठच. बिचाऱ्याचा काय दोष? तो धंदा गव्हाचाच आहे.

मग घरघंटी घेतली. महाग वाटली तेव्हा, आज वाटत नाही. तरीही घोळ झालाच. आम्ही गावी गेलो असताना जावेने प्रेमाने त्यात पाच किलो गहू दळून ठेवले. आल्यावर सगळी उघडून ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ केली, नंतर दोन किलो तांदूळ नुसते फिरवून काढले. ते पीठ खळीला वापरलं. आता तिच्यावर मी मोठ्या अक्षरांत 'गहू नाही' लिहिलंय, मंदिराबाहेर 'चपला काढा' लिहितात तसं.

घरात काय वेगळं लागतं तर पोळपाट-लाटणं (लाकडात पीठ मुरतं), तवा, चाळणी, परात आणि तळणीचं तेल. पुऱ्या तळलेल्या तेलात तुझे पापड नाहीत. आधी तुझी भाकरी, नंतर घरच्यांची कणीक. आणि एक छोटीशी गोष्ट जिने आमचा निम्मा ताप गेला: पोळ्या लाटताना लावायची पिठी आम्ही सगळ्यांसाठीच तांदळाची केली. ओट्यावर सर्वांत जास्त उडते ती हीच पिठी.

प्रसादाचं उद्या लिहिते, झोप आली.

तिखटजाळ | १० जुलै, सकाळी ८:१०

हिंगाचं मी सांगतो, आमचा घरचा मसाल्यांचा छोटा व्यवसाय आहे.

डबीतला पिवळा किंवा पांढरा हिंग म्हणजे कंपाऊंडेड हिंग. अस्सल हिंग हा एका झाडाच्या मुळातून निघणारा चीक. तो इतका उग्र असतो की नुसता वापरता येत नाही, म्हणून डिंक आणि पीठ घालून त्याला माणसात आणतात. आपल्याकडे हे पीठ बहुतेक वेळा गव्हाचं. डबीमागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, वाचा. तांदळाच्या पिठातले हिंगही मिळतात.

नाहीतर खडा हिंग घ्या, पण दुकानदाराला खोदून विचारा, कारण 'खडा' नावाखालीही मळलेल्या गोळ्या विकतात. वाटाण्याएवढा खडा तुपात मंद आचेवर तळा, लाहीसारखा फुलतो, मग खलबत्त्यात कुटा. एवढा महिनाभर पुरतो. डबी घट्ट लावा, नाहीतर कपाटातल्या साड्यांनाही आमटीचा वास येईल.

वर्षाचा मसाला करत असाल तर लालबागला स्वतः जा. मिरच्या-धने निवडून, भाजून, डंकावर समोर कुटून घेता येतो. फक्त सांगायचं, हिंग माझा मी देईन.

चिपळूणची_आजी | १० जुलै, सकाळी ९:२२

मुली, हिंगाबरोबर मेतकुटाचं पण बघ हो. आम्ही मेतकुटात मूठभर गहू भाजून घालतोच. थालिपिठाच्या भाजणीत गहू असतो. चकलीच्या भाजणीत आमच्याकडे नसतो, पण ज्याच्या त्याच्या घरची रीत. उपासाची भाजणी तुला चालेल, राजगिरा-साबुदाणा-वरीची. आणि सातूचं पीठ म्हणशील तर बाजारात हल्ली उत्तरेकडचं चण्याचं सत्तू मिळतं, ते निराळं. आपल्या सातूच्या पिठात गहू आणि डाळं असतं, आणि सातू म्हणजे जवच. नावावर जाऊ नकोस.

कोंबडी-वड्यांच्या पिठातही पुष्कळ जणी जाडसर गहू घालतात.

शंकासुर | १० जुलै, दुपारी १:०५

कुणाचं मन दुखवायचं नाही, पण आमच्या लहानपणी हे ग्लूटेन-बिटेन काही नव्हतं. दगड खाल्ले तरी पचायचे. हल्ली दर दोन वर्षांनी एक नवीन आजार येतो, आणि मागोमाग त्याचा वेगळा मॉलमधला कप्पा येतो.

चिपळूणची_आजी | १० जुलै, दुपारी १:४०

शंकासुरराव, तुमच्या लहानपणी तुम्ही रोज गहू खात होतात का? आमच्याकडे पोळी सणाला किंवा पाहुणा आला तर. रोज तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, सकाळी पेज. बाहत्तरच्या दुष्काळात देशावरची माणसं अमेरिकेतून आलेला लाल मिलो (ज्वारीचाच प्रकार) खात होती. रोज तीन वेळा गहू, वर बिस्किट आणि पाव, हे आपल्या पिढीतच सुरू झालं.

आणि आजार नव्हता असंही नाही. माझी एक चुलत बहीण होती. खायची-प्यायची, पण अंगाला काही लागायचं नाही, पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. दृष्ट काढली, गंडे बांधले. बाराव्या वर्षी गेली. काय होतं तिला, कोणाला ठाऊक? आता हे सगळं वाचताना सारखी तीच डोळ्यांसमोर येते.

सूक्ष्मदर्शी | १० जुलै, रात्री ९:१५

आजी 🙏

मी पॅथॉलॉजीत काम करतो, काचेखाली हे नेहमी बघतो. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक रसांकुर असतात. अन्नातलं सत्त्व शोषलं जातं ते त्यांच्यातून. सिलिअकमध्ये ग्लूटेन आलं की शरीराची प्रतिकारशक्ती उलटते आणि स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. मखमल झिजून गोणपाट होतं. मग लोह शोषलं जात नाही, कॅल्शियम नाही, मुलांची उंची खुंटते. म्हणून कित्येकदा पोटाची तक्रार नसतेच, नुसता ॲनिमिया असतो. ही ॲलर्जी नाही आणि 'जड पडतं' असंही नाही.

गव्हाचा संबंध कळायची गोष्टही चमत्कारिक आहे. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे हॉलंडमध्ये ब्रेड मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगत होते, आणि त्या उपासमारीत ही आजारी मुलं मात्र सुधारली! विमानांतून ब्रेड आला तशी परत आजारी पडली.

आता महत्त्वाचं, धागा वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: संशय असेल तर आधी तपासणी, मग पथ्य. टीटीजी आयजीए ही रक्ततपासणी, सोबत एकूण आयजीए, आणि गरज असेल तर एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा. गहू आधीच सोडला तर अँटीबॉडी कमी होतात, आतडं भरून यायला लागतं आणि अहवाल खोटाच निर्धास्त करतो. मग निदानासाठी काही आठवडे मुद्दाम गहू खावा लागतो, ते फार त्रासाचं.

खारीबिस्किट, मुलाची तपासणी केलीत का? आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात शक्यता बरीच जास्त असते. लक्षणं नसली तरी करा.

फिटनेस_फंडा | १० जुलै, रात्री १०:३०

मी तर म्हणतो सगळ्यांनीच ग्लूटेन सोडावं. मी दोन महिन्यांपूर्वी सोडलं, चार किलो उतरलो. एकदम हलकं वाटतं!

निळी_छत्री | १० जुलै, रात्री १०:४८

फंडासाहेब, तुम्ही ग्लूटेन सोडलं म्हणजे वडापाव, समोसा, बिस्किट, केक आणि रात्रीचा पिझ्झा सोडलात. चार किलो त्याचे आहेत.

सोडा की, कोण अडवतंय. पण तुमच्यासारखे लोक हॉटेलात "नो ग्लूटेन" म्हणतात आणि शेवटी शेजारच्याच्या ब्राउनीतला एक घास उचलतात. वेटर ते बघतो. पुढच्या वेळी माझा मुलगा जातो तेव्हा त्यालाही तेच वाटतं, नखरे आहेत.

अर्थात तुमच्या फॅशनमुळेच आज दुकानात ग्लूटेनमुक्त पीठ, पास्ता दिसतो, सात वर्षांपूर्वी काही नव्हतं. तेवढे आभार.

गिरगावकर | १० जुलै, रात्री १०:५५

हसून हसून पुरेवाट. शेवटच्या ओळीत मलमपट्टीही करून टाकली.

मातीशी_नातं | ११ जुलै, सकाळी ७:०२

रासायनिक शेतीतल्या संकरित गव्हाने हे झालंय. आपला पारंपरिक खपली गहू खा. त्याचं ग्लूटेन वेगळं, सिलिअकवाल्यांनाही चालतो. थेट शेतातून मुंबईत घरपोच देतो, व्यक्तिगत निरोप करा.

सूक्ष्मदर्शी | ११ जुलै, सकाळी ७:४०

नाही. चालत नाही. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. चवीला छान, पुरणपोळीला उत्तम, पण सिलिअकच्या माणसाने एक घासही खाऊ नये. सोजी, दलिया, सांजा, शेवया, लापशी, साअरडो ब्रेड सगळं त्याच माळेतलं. ओट्समध्ये मुळात गव्हाचं ग्लूटेन नसतं, पण शेतात आणि कारखान्यात गहू-जवाची सरमिसळ होते. प्रमाणित ग्लूटेनमुक्त ओट्सच घ्या, तेही डॉक्टरांना विचारून.

संचालक | ११ जुलै, सकाळी १०:००

वरील प्रतिसादातली जाहिरात आणि आरोग्याबद्दलचा चुकीचा दावा याबद्दल सदस्याला समज दिली आहे. प्रतिसाद राहू देत आहोत, त्याखालचं उत्तर लोकांनी वाचावं म्हणून.

सात_बावन्नची_फास्ट | ११ जुलै, दुपारी १२:३०

डब्याचं बोला की कोणीतरी. माझ्या मैत्रिणीला हाच त्रास आहे, आम्ही एकाच डब्यात असतो. तिच्या पिशवीत कायम राजगिऱ्याचा लाडू, दाणे-गूळ, केळं आणि घरचे पोहे भाजून केलेला चिवडा. गाडी तासभर कुर्ल्याला अडकली तरी बाई निवांत. आमच्या ग्रूपमध्ये वाढदिवसाला समोसे असायचे, हल्ली सुकामेवा नाहीतर नारळाच्या वड्या. एकदा एकीने कौतुकाने ढोकळा आणला, "बेसनाचा आहे गं." निघाला रव्याचा.

चपाती सोडून जगणं कठीण आहे खरं.

मुठाकाठ | ११ जुलै, दुपारी १२:४१

पोळी.

सात_बावन्नची_फास्ट | ११ जुलै, दुपारी १२:४३

चपाती.

गिरगावकर | ११ जुलै, दुपारी १२:५०

धाग्याचा काश्मीर करू नका. या वादात दोन्ही बाजू एकदम हरलेल्या पहिल्यांदाच बघतोय, तेवढा आनंद घेऊ द्या.

बेवडेश्वर | ११ जुलै, संध्याकाळी ७:२०

गटारी तोंडावर आली आहे. बिअरचं काय?

तिखटजाळ | ११ जुलै, संध्याकाळी ७:३३

जवाची. बाद. वाइन, रम, फेणी चालते. चखण्यात शेंगदाणे घ्या, मसालेवाल्या पाकिटांवर आधी नजर टाका.

खारीबिस्किट | १२ जुलै, रात्री ११:०५

किती लिहिलंय सगळ्यांनी, डोळे भरून आले. आजी, तुमच्या बहिणीचं वाचून थांबलेच जरा. सूक्ष्मदर्शी, मुलाचं रक्त सोमवारी देतोय.

आजचा किस्सा ऐका. ऑफिसची मंडळी दादरजवळच्या एका मालवणी हॉटेलात गेली. मी मनाशी म्हटलं, मासे-भात म्हणजे आपलंच राज्य! वेटरला नीट विचारलं, "सुरमईला वरून मैदा किंवा गहू लावता का?" तो ठामपणे, "नाही मॅडम, अजिबात नाही." ताट आलं. वरचं आवरण कुरकुरीत, दाणेदार. मी म्हटलं, "हे काय आहे मग?"

"रवा आहे मॅडम."

अख्खं टेबल हसलं, मी पण हसले, आणि सोलकढी-भात खाऊन उठले.

निळी_छत्री | १२ जुलै, रात्री ११:२०

रवा आहे मॅडम 😂 हा आता आमच्या घरचा वाक्प्रचार होणार.

'ग्लूटेन' शब्द विसर. "गहू, मैदा, रवा, कणीक, ब्रेडचा चुरा, सोया सॉस" अशी माळ म्हणायची. सोया सॉसमध्ये गहू असतो, त्यामुळे गाडीवरचं चायनीज गेलं. माशाला तांदळाचं पीठ लावून, वेगळ्या तव्यावर, थोड्याशा तेलात भाजून द्या म्हणायचं. गर्दीच्या वेळी जायचंच नाही. उडप्याकडे इडली त्यातल्या त्यात बरी. डोसा मागवलास तर आधीचा रवा डोसा त्याच तव्यावर झालेला असतो, आणि सांबारात हिंग. वडापावातला नुसता वडा हा मोह मलाही झाला होता, पण कढई समोशांचीच असते. पाकिटावर 'ग्लूटेनमुक्त' लिहिलेलं असेल तर नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन हवं. नुसतं 'मिलेट' लिहिलंय म्हणून उचलू नको, मिलेट बिस्किटांत मैदा सर्रास असतो.

गिरगावकर | १२ जुलै, रात्री ११:३१

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून भाकरीला हॉटेलात 'मिलेट' म्हणतात आणि दर दुप्पट लावतात. आमची आई नकळत केवढी श्रीमंत होती.

केळीची_वाडी | १३ जुलै, सकाळी ९:४५

वसईहून. प्रसादाचा विषय निघालाय म्हणून लिहितो. आमच्याकडे हा प्रश्न प्रत्येक रविवारी येतो. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, जो ऑस्ती (प्रसादाची पातळ चकती) मिळतो तो गव्हाचाच लागतो. माझ्या बायकोला सिलिअक आहे. व्हॅटिकनचा नियम असा की अजिबात ग्लूटेन नसलेला ऑस्ती ग्राह्य नाही, मात्र अगदी अल्प ग्लूटेनचा चालतो. २०१७ मध्ये त्यांनी हे पुन्हा स्पष्ट केलं. आणि तोही सोसत नसेल तर नुसता द्राक्षारस घेतला तरी कम्युनियन (हा प्रसाद घेण्याचा विधी) पूर्ण मानतात.

ती पहिल्यांदा फादरांकडे गेली तेव्हा फार ओशाळली होती. आता तिच्यासाठी छोटा वेगळा प्याला ठेवतात, कारण मोठ्या प्याल्यात ऑस्तीचा तुकडा टाकलेला असतो. सुरुवातीला लोक वळून बघायचे. आता कोणी बघत नाही. सांगायचं एवढंच, आधी जाऊन विचारलं तर वाट निघते. ऐनवेळी रांगेत नाही निघत.

चिपळूणची_आजी | १३ जुलै, सकाळी १०:३०

किती छान सांगितलंत.

मनस्विनी_पार्ले | १३ जुलै, सकाळी ११:१५

प्रसाद हातावर घ्यायचा, डोळ्यांना लावायचा आणि शेजारच्या मुलाच्या हातात द्यायचा. मी मधुमेहामुळे हेच करते. देव रागावत नाही. मावशी रागावतात, पण त्या कशानेही रागावतात.

निळी_छत्री | १३ जुलै, दुपारी २:००

मनस्विनी, लहान मुलाला हे जमत नाही ना. त्याला एकट्यालाच नाही, हे फार लागतं. म्हणून मी कुठल्याही वाढदिवसाला, पूजेला जाताना त्याचा डबा नेते, शक्यतो तिथे जे असेल त्याच्यासारखंच दिसणारं.

'चमचाभराने काय होतं' याचा हिशेब मी सासऱ्यांना कागदावर मांडून दाखवला होता. ते बँकेत होते, आकड्यांवर विश्वास. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते असं अभ्यासात दिसलंय. चमचाभर शिऱ्यात पाच ग्रॅम रवा धरला तर त्यात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन. म्हणजे दहापट. त्यांनी चष्मा काढला, "एवढं?" म्हणाले, आणि त्या दिवसापासून घरात सर्वांत कडक पहारा त्यांचाच. माझ्या माहेरच्यांची झडती घेतात.

शंकासुर | १४ जुलै, रात्री ८:५०

मी वर जरा फटकळ लिहिलं होतं. आजींच्या बहिणीचं वाचल्यापासून चैन नाही. परतफेड म्हणून एक माहिती देतो.

मी निवृत्तीनंतर हौसेने पौरोहित्य करतो, वर्षाला वीस-पंचवीस सत्यनारायण होतात. सासूबाईंना सांगा, पोथी काढून पहिला अध्याय बघा. प्रसादाचे जिन्नस सांगितलेत तिथे: केळं, तूप, दूध, गव्हाचं पीठ. आणि लगेच पुढे म्हटलंय, गव्हाचं नसेल तर तांदळाचं चालेल, साखर नसेल तर गूळ. अट सव्वाच्या मापाची आहे, गव्हाची नाही. आपण मजकूर ऐकत नाही, शिऱ्याच्या वासाकडे लक्ष असतं. माझंही असतं.

खारीबिस्किट | १४ जुलै, रात्री ९:०१

काय सांगता!!! थांबा, पोथी देव्हाऱ्याच्या खणात आहे.

खारीबिस्किट | १४ जुलै, रात्री ९:१४

आहे! सासूबाईंना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं ऐकतेय, हे कधी ऐकलं नाही." आता स्वयंपाकघरात जाऊन तांदळाचे डबे उघडून बघतायत.

गिरगावकर | १४ जुलै, रात्री ९:२०

शंकासुराने शंकेचं निरसन केलं. हा दिवस वहीत लिहून ठेवा.

चिपळूणची_आजी | १५ जुलै, सकाळी ८:४०

जुना तांदूळ घ्या, धुवून फडक्यावर सावलीत वाळवा आणि घरच्या मिक्सरमध्ये जाडसर काढा. विकतचा इडली रवा नको, कुठे दळलाय कळत नाही. तुपावर गुलाबी भाजा. गव्हाच्या रव्यापेक्षा याला दूध-पाणी जास्त लागतं, दुपटीने तरी घाला आणि उकळतंच घाला, झाकण ठेवून दोन वाफा आणा. साखर पूर्ण शिजल्यावर, आधी घातली तर दाणा टचटचीत राहतो. केळं तुपात परतून शेवटी.

भाकरीचं विचारायचं राहिलं का? तांदळाच्या पिठाला ओढ नसते, म्हणून पाण्याला आधण आणून त्यात पीठ घालून उकड काढायची, गरम असतानाच मळायची. ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांचंच दळ. जुनं झालं की विरी जाते, कितीही थाप, कडा फाटतात. मग लोक म्हणतात मला भाकरी जमत नाही. भाकरी जमते, पीठ म्हातारं झालेलं असतं.

सात_बावन्नची_फास्ट | १५ जुलै, सकाळी ८:५८

वाचनखूण साठवली. गेली नऊ वर्षं मी स्वतःला दोष देत होते.

खारीबिस्किट | १९ ऑगस्ट, रात्री १०:२०

धागा वर काढतेय, वृत्तांत द्यायचा राहिला होता. मुलाचा अहवाल आला, सध्या नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाल्या, पुढे अधूनमधून तपासत राहू. माझं हिमोग्लोबिन १०.४.

रविवारी पूजा झाली. सासूबाईंनी आठ दिवस आधी तांदूळ वाळत घातले होते. नवी कढई, नवा कालथा. सव्वा वाटीचं माप त्यांनी स्वतः घेतलं, मला हात लावू दिला नाही. पहिल्या खेपेला गिच्च झाला म्हणून आदल्या रात्री परत रंगीत तालीम केली. ऐन दिवशी मस्त मोकळा, केशरी.

मग आल्या चुलत सासूबाई, हातात मोठं पातेलं झाकून. "तुमच्याकडे तांदळाचा करताहेत कळलं, लोकांना आवडेल न आवडेल म्हणून आपला नेहमीचा घेऊन आले." पातेलं नैवेद्याशेजारी ठेवलं, आणि मी बघतेय तोवर आमच्या कढईतला कालथा उचलून त्यांच्या शिऱ्यात! दोनदा ढवळला आणि परत आमच्यात टाकला.

मला काही बोलता येईना. गुरुजी समोर, पंचवीस माणसं, आरतीची घाई. मनात म्हटलं, झालं, यंदाही हातावर घेऊन मुलाला द्यायचा.

आरती झाली. सगळ्यांना द्रोण वाटून झाल्यावर सासूबाईंनी मला आत बोलावलं. फ्रिजच्या मागून स्टीलचा छोटा डबा काढला, वर चिकटपट्टीने कागद लावलेला, त्यावर त्यांच्या अक्षरात 'हिचा'. नैवेद्य दाखवून झाल्या झाल्या, कोणी यायच्या आत, काढून ठेवला होता. म्हणाल्या, "मला माझी जाऊ माहितीये."

ओट्याशी उभी राहून अख्खा डबा संपवला.

निळी_छत्री | १९ ऑगस्ट, रात्री १०:३१

'हिचा'. मी रडतेय, कोणी बोलू नका माझ्याशी.

शंकासुर | १९ ऑगस्ट, रात्री १०:४०

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

तिखटजाळ | २० ऑगस्ट, सकाळी ८:०५

बढिया. तांदूळ कोणता घेतला होता? आमच्याकडे पाडव्याला करून बघायचाय.

खारीबिस्किट | २० ऑगस्ट, सकाळी ८:३०

जुना कोलम. आणि आजी म्हणाल्या तसं दूध दुपटीपेक्षा थोडं जास्तच लागलं.

गिरगावकर | २० ऑगस्ट, सकाळी ९:१२

सगळं ठीक आहे, पण आयडीचं काय ठरलं?

खारीबिस्किट | २० ऑगस्ट, सकाळी ९:२०

संचालकांना विनंती पाठवली होती. 'राजगिरा' आधीच कोणीतरी घेतलाय.